घराजवळचा कडुनिंब पुन्हा छाटावा का? उष्ण, कोरड्या हवामानात झाडाची निगा आणि जाणकाराची निवड

प्रश्न: अंगणातील निंब

आमच्या घराच्या पश्चिमेला साधारण पंचवीस वर्षांचा कडुनिंब आहे. छातीच्या उंचीवर त्याच्या खोडाचा घेर १३० सेंटीमीटर भरतो आणि फांद्यांचा पसारा खोडापासून चारही दिशांना जवळजवळ चार मीटरपर्यंत पोहोचतो. दुपारनंतरचे ऊन या एका झाडामुळे भिंतीवर पडत नाही, त्यामुळे त्याचे मोल आम्हाला रोज जाणवते. आमच्याकडे वर्षातला बराच काळ पाऊस नसतो, उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि उन्हाळ्याच्या शेवटी जोराची वादळे येतात.

दोन वर्षांपूर्वी वादळात फांदी पडेल या भीतीने आम्ही छाटणीसाठी माणसे बोलावली. त्यांनी सगळ्या मोठ्या फांद्या एकाच उंचीवर सपाट कापल्या आणि झाड अक्षरशः बोडके केले. त्यानंतर प्रत्येक थोटक्यावर दाट कोंब फुटले आणि आज ते मनगटाएवढे जाड झाले आहेत. मात्र पश्चिमेकडील एका मोठ्या फांदीची वरच्या बाजूची साल वाळून तडकली आहे आणि हाताने ओढली तर सुटते. त्याच ठिकाणी वाळवीच्या मातीच्या नळ्याही दिसतात. जमिनीपासून तीन मीटर उंचीवर दोन सारख्या जाडीच्या फांद्यांचे बेचके आहे आणि त्या बेचक्यात साल आत दबल्यासारखी दिसते. शिवाय तीन वर्षांपूर्वी एका बाजूच्या अंगणात आम्ही फरशी घातली होती.

आता दुसऱ्या एका कंत्राटदाराने पाहणी करून सांगितले आहे की झाड पुन्हा तितक्याच उंचीवर कापावे, सर्व कापांवर रंग लावावा आणि बुंध्याशी कीटकनाशक ओतावे. पाने कमी झाली की झाडाला पाणीही कमी लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. हे ऐकायला पटते, पण मागच्या वेळचा अनुभव पाहता माझे मन तयार होत नाही. ही छाटणी योग्य आहे का, या झाडाला पाणी कुठे आणि किती द्यावे, आणि खरा जाणकार कसा ओळखावा, याबद्दल अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: दोर आणि करवत

मी अनेक वर्षे दोर बांधून झाडांवर चढून छाटणीचे काम करतो. आपण लिहिलेल्या सगळ्या गोष्टी एकाच घटनेतून निघालेल्या आहेत असे मला वाटते, आणि ती घटना म्हणजे दोन वर्षांपूर्वीची सपाट छाटणी. तीच पुन्हा करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पाने कमी म्हणजे तहान कमी, हा युक्तिवाद थोड्या काळापुरताच खरा आहे. पाने काढल्यावर काही आठवडे बाष्पोत्सर्जन घटते, हे मान्य. परंतु पान हे झाडाचे स्वयंपाकघर असते. ते बंद पडले की झाडाला खोडात आणि मुळांत साठवलेले अन्न मोडून नवे कोंब काढावे लागतात, आणि त्याच काळात उपाशी मुळांची वाढ मंदावते. कोरड्या हवामानात पाण्याच्या शोधात दूरवर जाणारी मुळे हेच झाडाचे भांडवल असल्यामुळे, पाणी वाचवण्यासाठी केलेली अशी छाटणी पाणी शोषण्याची ताकदच कमी करते. पुढे फुटणारे कोंब दाट आणि मोठ्या पानांचे असतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांत पानांचा भार पूर्वीइतका होतो. पूर्वीची मजबूत फांदी मात्र परत येत नाही.

वादळाच्या दृष्टीनेही ही छाटणी उलटी पडते. नैसर्गिक फांदी खोडाच्या आतून, वर्षानुवर्षे एकात एक विणलेल्या लाकडातून वाढलेली असते. थोटक्यावर फुटलेला कोंब फक्त बाहेरच्या थराला चिकटलेला असतो आणि त्याच्या खाली थोटके कुजत असते. म्हणून दोन-चार वर्षांनी असे जाड झालेले कोंबच वाऱ्यात मुळासकट निखळतात. आपल्या झाडावर मनगटाएवढे झालेले कोंब त्याच टप्प्याकडे निघाले आहेत.

आता वाळलेल्या सालीबद्दल. जी फांदी आयुष्यभर पानांच्या सावलीत वाढली, तिची साल पातळ राहते. डोक्यावरची पाने एका दिवसात नाहीशी झाली की दुपारच्या उन्हात ती साल तापते, तिच्या खालचा वाढीचा जिवंत थर मरतो, आणि काही महिन्यांनी मेलेली साल तडकून सुटते. ही उन्हाची भाजणी आहे, रोग नव्हे. दुपारनंतरचे ऊन घेणाऱ्या बाजूला आणि आडव्या फांद्यांच्या वरच्या अंगाला ती सर्वाधिक दिसते, आणि आपले वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते. वाळवी बहुतेक वेळा अशा मेलेल्या सालीसाठी आणि कोरड्या लाकडासाठी येते. ती जखमेचे कारण नसून जखमेवर आलेली पाहुणी आहे, त्यामुळे बुंध्याशी कीटकनाशक ओतून मूळ प्रश्न सुटणार नाही, उलट माती मात्र दूषित होईल. मातीच्या नळ्या ब्रशने झाडून टाकाव्यात आणि खाली लाकूड कितपत टणक आहे ते पाहावे. ताजा भुसा, गोल छिद्रे किंवा डिंकाचे ओघळ दिसले तर तो खोडकिड्याचा प्रादुर्भाव असू शकतो आणि त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

कापावर रंग लावण्याच्या सल्ल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा समज अतिशय खोलवर रुजलेला आहे. अमेरिकेच्या वनसेवेत संशोधन करणारे अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे करवतीने उभी चिरून जखमा आतून तपासल्या आणि १९७७ मध्ये त्यांचे निष्कर्ष एका पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध झाले. आपल्या त्वचेप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही, तर झाड जखमी भागाभोवती चार प्रकारच्या भिंती उभारून त्याला कोंडून टाकते, हे त्यांनी दाखवून दिले. या चार भिंतींपैकी वर-खाली जाणारी कूज रोखणारी भिंत सर्वांत कमकुवत असते, तर जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाला जुन्यापासून वेगळी करणारी भिंत सर्वांत मजबूत असते. म्हणूनच पोकळ ढोली असलेले झाडही बाहेरून हिरवेगार राहू शकते. रंग किंवा डांबराचा लेप या भिंती उभ्या करत नाही. उलट लेपाखाली ओल कोंडली जाऊन बुरशीला आसरा मिळू शकतो.

झाडाला भिंती उभारायला मदत करायची असेल तर काप योग्य जागी घ्यावा लागतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. काप या फुगवट्याच्या अगदी बाहेर हवा. खोडाला घासून घेतलेला सपाट काप संरक्षण करणारा भागच काढून टाकतो आणि लांब सोडलेले थोटके वाळून कुजीला आत जायला वाट देते. जड फांदी एका झटक्यात कापली तर ती पडताना खालची साल सोलून नेते. त्यासाठी तीन काप घ्यावे लागतात: पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, दुसरा त्याच्या थोडे पुढे वरून, ज्यामुळे फांदीचे वजन उतरते, आणि शेवटचा कॉलरच्या बाहेर, उरलेले थोटके हाताने धरून.

आपल्या झाडाच्या बाबतीत मी असे करीन. सर्व कोंब एकदम काढणार नाही. प्रत्येक थोटक्यावर चांगल्या जागी आणि मजबूत पकड असलेले एक ते तीन कोंब भावी फांद्या म्हणून निवडीन, काही कमकुवत कोंब बुडापासून काढीन आणि उरलेल्यांची लांबी कमी करून त्यांना तूर्त ठेवीन, कारण तेच आता सालीवर सावली धरून आहेत. हे काम तीन ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने करायचे असते. एका वर्षात एकूण हिरव्या भागाच्या एक चतुर्थांशाहून अधिक काढू नये, अशी व्यवसायातली मर्यादा आहे. आपले झाड आधीच थकलेले असल्यामुळे मी पहिल्या वर्षी दहा टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. आणि हे काम भर उन्हाळ्यात अजिबात नको, थंडी ओसरताना नवी पालवी फुटण्याच्या थोडे आधी करावे. वाळलेली किंवा मोडून लोंबणारी फांदी मात्र कोणत्याही ऋतूत काढता येते.

उत्तर: जुनी बाग

माझा अनुभव फळबागेचा आहे, त्यामुळे वरील उत्तरातील एका मुद्द्यावर नम्रपणे वेगळे मत मांडतो. आम्ही आंब्याची जुनी झाडे नव्याने फुलवण्यासाठी मोठ्या फांद्या कापतो तेव्हा कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतो आणि उघड्या पडलेल्या फांद्यांना चुन्याचा पांढरा हात देतो. ही दोन्ही कामे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पांढरा लेप ऊन परावर्तित करतो आणि सालीचे तापमान कमी राहते, हे आम्ही प्रत्यक्ष हात लावून अनुभवलेले आहे. या कडुनिंबाच्या भाजलेल्या फांदीच्या आसपास जी जिवंत साल अजून उन्हात उघडी आहे, तिला आधी हाच उपाय करावा असे मी सुचवेन. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तितकेच पाणी घालून पातळ केला तरी चालतो. तेलात मिसळणारा रंग मात्र सालीला कधीही लावू नये.

सुटलेली साल धारदार, स्वच्छ सुरीने जिवंत कडेपर्यंत काढून टाकावी, पण आतले लाकूड खरवडू नये. जखमेचा आकार गोल करण्याच्या नादात जिवंत साल कापली जाते आणि जखम विनाकारण मोठी होते, ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या काळात केलेली आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना अवजारे सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावीत.

उत्तर: दोर आणि करवत

आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो वेगळा करून लिहायला हवा होता. बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक आहे आणि विशिष्ट बुरशीजन्य रोगाचा धोका असलेल्या बागेत तिचा उपयोग ठरावीक हेतूने होतो. माझा आक्षेप आहे तो लाकूड कुजू नये म्हणून शोभेच्या झाडाच्या कापावर तैलरंग किंवा डांबर फासण्याला. पांढऱ्या लेपाशी मी पूर्णपणे सहमत आहे, कारण तो जखम झाकण्यासाठी नसून जिवंत सालीला सावली देण्यासाठी आहे.

उत्तर: मातीपाणी

छाटणीवर पुरेसे लिहिले गेले आहे, परंतु माझ्या मते या झाडाचे निम्मे दुखणे जमिनीत आहे. तीन वर्षांपूर्वी फरशी, दोन वर्षांपूर्वी छाटणी, आणि त्यानंतर सालीची भाजणी, हा क्रम लक्षात घ्या. फरशीमुळे एका बाजूच्या मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे झाले आणि मग त्याच अर्धपोटी झाडाची पाने काढली गेली.

झाडाची मुळे जमिनीत तितकीच खोल जातात जितके झाड वर उंच असते, हा सर्वत्र ऐकू येणारा समज चुकीचा आहे. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या ४५ ते ६० सेंटीमीटरमध्ये असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरलेली असतात. त्यामुळे बुंध्याशी आळे करून रोज बादलीभर पाणी ओतणे हा उष्ण प्रदेशातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे. बुंध्याशी जाड आधारमुळे असतात, ती फारसे पाणी शोषत नाहीत. उलट तिथली साल सतत ओली राहून कुजते. रोजच्या थोड्या पाण्याचा दुसरा तोटा म्हणजे क्षार. ते पाणी वरच्या थरातच राहते, उन्हाने उडून जाते आणि त्यातले क्षार मागे ठेवते. पानांची टोके आणि कडा करपू लागल्या की आपण उन्हाला दोष देतो, परंतु पुष्कळदा तो साचलेल्या क्षारांचा परिणाम असतो. अधूनमधून दिलेले खोल पाणी हे क्षार मुळांच्या खाली ढकलते.

किती पाणी, हे अंदाजाने न सांगता हिशेबाने सांगतो. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या झाडाच्या फांद्या चार मीटरपर्यंत आहेत, म्हणून खोडापासून तीन ते चार मीटर अंतरावरचा गोल पट्टा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर होते. त्यातला एक चतुर्थांश भाग फरशीखाली गेला आहे असे धरू, म्हणजे साधारण १६ चौरस मीटर उरतात. मध्यम पोताच्या मातीत ६० सेंटीमीटर खोलीपर्यंतचा ओलावा निम्मा संपला असेल तर तो भरून काढायला सुमारे ४० मिलिमीटर पाणी लागते, अर्थात एकूण ६४० लिटर. आकडा मोठा वाटतो, पण रोजच्या दोन बादल्यांचा तीन आठवड्यांचा हिशेब मांडला तर तोही साडेपाचशे-सहाशे लिटरपर्यंत जातो, आणि त्यातले मुळांना फारच थोडे मिळते. कडुनिंबासारख्या काटक झाडाला कडक उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांनी असे एक खोल पाणी पुरते. रेताड जमिनीत एकावेळचे पाणी कमी करून दोन पाळ्यांतले अंतर घटवावे. चिकण मातीत पाणी हळू मुरते, म्हणून ते वाहून न जाता मुरावे यासाठी दोन दिवसांत विभागून द्यावे.

पाणी खरोखर किती खोल गेले, हे तपासण्यासाठी दुसऱ्या दिवशी बोटाएवढी जाड, गुळगुळीत लोखंडी सळई जमिनीत दाबून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्या थराशी अडते. ती ६० सेंटीमीटरपर्यंत गेली तर पाणी पुरेसे झाले. ३० सेंटीमीटरवर अडली तर अजून द्यावे लागेल. पुढच्या पाळीची वेळ ठरवायलाही हीच सळई उपयोगी पडते, कारण दिनदर्शिकेपेक्षा माती अधिक अचूक सांगते.

पट्ट्यावर पाच ते दहा सेंटीमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या तुकड्यांचे आच्छादन घाला. त्याने बाष्पीभवन घटते आणि वरच्या मुळांना उन्हाची धग लागत नाही. मात्र हे आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे, बुंध्याभोवती ढीग करू नये. खोड जमिनीजवळ जिथे रुंद होत मुळांत उतरते, तो उतार उघडा दिसायला हवा. फरशी घालताना तिथे भर टाकली गेली असेल तर ती हाताने, मुळांना इजा न करता काढून टाका.

फरशीबद्दल माझा आग्रह आहे की निदान खोडालगतची दीड-दोन मीटरची फरशी काढून ती जागा मोकळी करावी. हे करताना जाड मुळे आडवी आली तर ती कापू नयेत. खोडाच्या व्यासाच्या पाचपट अंतराच्या आतली मुळे झाडाला उभे धरून ठेवतात. आपल्या झाडाचा व्यास सुमारे ४१ सेंटीमीटर आहे, म्हणजे दोन मीटरच्या आत कुदळ चालवणे धोक्याचे आहे. आणि सध्या कोणतेही रासायनिक खत घालू नका. तहानलेल्या झाडाला नत्र दिल्याने कोवळी पालवी फुटते, ती पोसायला आणखी पाणी लागते आणि मातीतील क्षारही वाढतात.

एक उलट इशाराही द्यावासा वाटतो. कोरड्या प्रदेशातील झाडांना, विशेषतः लहान वयात, वारंवार भरपूर पाणी दिले तर त्यांचा पसारा झपाट्याने वाढतो, मुळे मात्र वरच्या ओल्या थरातच राहतात, आणि पहिल्याच मोठ्या वादळात हिरवेगार झाड मुळांसकट आडवे होते. म्हणून खोल पाण्याइतकेच दोन पाळ्यांमधले कोरडे दिवसही आवश्यक आहेत.

प्रश्नकर्तीकडून: अंगणातील निंब

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी मी सळई घालून पाहिली. आम्ही रोज पाणी घालतो त्या आळ्यात ती हातभर सहज गेली, परंतु तीन मीटर अंतरावर चार बोटांवरच अडली. म्हणजे इतकी वर्षे आम्ही पाणी चुकीच्या जागी घालत होतो, हे पाहून फार वाईट वाटले. उद्यापासून पट्टा तयार करण्याचे काम सुरू करीत आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. त्या बेचक्याचे काय करावे? शेजाऱ्यांनी दोन्ही फांद्यांना तारेने करकचून बांधायला सांगितले आहे. आणि काम करायला येणाऱ्या माणसाला मी नेमके काय विचारावे?

उत्तर: दोर आणि करवत

तार गुंडाळू नका. फांदी दरवर्षी जाड होत जाते आणि तार सालीत रुतते. अन्नरस वाहून नेणारा थर सालीतच असल्यामुळे काही वर्षांत त्या जागी गळफास बसून फांदी वरून वाळते किंवा नेमकी तिथेच मोडते. ज्या बेचक्यात साल आत दबलेली असते तिथे दोन फांद्यांचे लाकूड एकमेकांत विणलेले नसते, ते फक्त शेजारी-शेजारी टेकलेले असते, म्हणून आपली काळजी योग्य आहे. याचा पहिला उपाय छाटणीचाच आहे. दोन सारख्या फांद्यांपैकी घराकडे झुकलेल्या फांदीची लांबी थोडी-थोडी कमी करून तिला दुय्यम करावे, म्हणजे पुढील काही वर्षांत दुसरी फांदी मुख्य होईल. लांबी कमी करताना काप अशा उपफांदीपाशी घ्यावा जिची जाडी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश आहे, तरच ती उपफांदी पुढचा कारभार सांभाळू शकते. बेचक्यात उभी चीर दिसत असेल किंवा वाऱ्यात ती उघडझाप करीत असेल, तर पोलादी दोराचा आधार द्यावा लागेल. तो बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर, फांदीतून आरपार बोल्ट घालून बसवतात आणि त्यानंतर दरवर्षी तपासतात. हे काम शिकलेल्या माणसानेच करावे.

माणूस निवडताना मी पहिला प्रश्न एवढाच विचारीन की या झाडाची कोणती फांदी, कुठे आणि कशासाठी कापणार. जाणकार माणूस झाडाभोवती फिरून, बुंधा तपासून, लाकडी हातोडीने खोड वाजवून पाहून मग उत्तर देतो आणि ते लिहून देण्याची त्याची तयारी असते. घराच्या ओट्यावर उभे राहून सगळे वरून उडवू असे सांगणाऱ्याला काम देऊ नये. दुसरा प्रश्न चढण्याबद्दलचा. बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर चढणारा माणूस प्रत्येक पावलागणिक एक जखम करतो. छाटणीसाठी दोर, हार्नेस आणि हेल्मेट वापरणारा माणूस हवा आणि खाली उतरत्या फांद्या दोराने सांभाळणारा दुसरा साथीदार हवा. तिसरा प्रश्न अपघाताच्या विम्याचा, कारण काम आपल्या आवारात होणार आहे. जवळून वीजवाहिनी जात असेल तर आधी वीज पुरवणाऱ्यांना कळवून प्रवाह बंद करून घ्यावा, आणि झाडासाठी परवानगी लागत असेल तर ती कामाच्या आधी हाती असावी.

प्रमाणपत्राबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही झाडांची निगा राखणाऱ्या जाणकारांची संस्था १९२४ पासून काम करते आणि तिचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी अनुभव किंवा त्याच्या तोडीचे शिक्षण दाखवून परीक्षा द्यावी लागते, तसेच दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. असे प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. नसेल तर त्याने तीन-चार वर्षांपूर्वी छाटलेली झाडे दाखवायला सांगा. त्या झाडांवर थोटकी आहेत की नाहीत, कापांभोवती गोल कड सारखी वळून आली आहे का, आणि आतल्या बारीक फांद्या शिल्लक आहेत का, एवढे आपण स्वतः पाहू शकता. आतले सगळे साफ करून फक्त टोकाला पानांचा झुबका ठेवणारी छाटणी नीटनेटकी दिसते, परंतु त्यामुळे सगळे वजन टोकाला जाते, फांदी वाऱ्यात अधिक हेलकावते आणि आतली साल उन्हात उघडी पडते.

भाजलेल्या फांदीबद्दल शेवटचे. सुटलेली साल काढल्यावर मेलेल्या भागाची रुंदी मोजा. ती फांदीच्या घेराच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, लाकूड ठोकल्यावर टणक वाजत असेल आणि कडेने नवी साल वळू लागली असेल, तर मी ती फांदी ठेवीन. त्याहून अधिक असेल तर तिची लांबी कमी करून भार उतरवीन. बुंध्यापाशी फळीसारखी बुरशीची छत्री उगवलेली दिसली, किंवा झाड झुकून विरुद्ध बाजूची जमीन उचलली गेल्यासारखी वाटली, तर मात्र छाटणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत झाडाखाली कोणी बसू नये.

प्रश्नकर्तीकडून: अंगणातील निंब

मोजून पाहिले. फांदीचा घेर ६२ सेंटीमीटर आणि मेलेला भाग १७ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे एक तृतीयांशाच्या आतच. खालच्या कडेला बोटभर जाडीची नवी साल वळताना दिसली. बुंध्याशी बुरशी नाही आणि जमीनही उचललेली नाही, पण फरशीच्या बाजूला खोडावर वीतभर माती चढलेली सापडली आणि ती हाताने काढायला सुरुवात केली आहे. कंत्राटदाराला मी नकार कळवला आहे. फांदीला पांढरा लेप परवा सकाळी ऊन चढण्याआधी देणार आहोत, आणि पहिल्या खोल पाण्यानंतर सळई किती खोल गेली ते इथे कळवीन.